डोल उचलून ये

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात, पाचूबंदरात, मी हे कधीच कुणाला ठासून सांगितलं नाही. माझ्या नावामागचं 'डॉ.' पीएचडीचं आहे. मी उंदरांची हृदयं काढून काचेच्या नळीला टांगते आणि त्यांच्यात शक्ती कुठून येते, कशी संपते, ते मोजते. माणसाच्या छातीला मी आजवर स्टेथोस्कोप लावलेला नाही. पण ज्या रविवारी फादरांनी चर्चमध्ये मिस्सेनंतर वेदीवरून "आपल्या गावची नेहल हृदयाची डॉक्टर झाली" असं जाहीर केलं, त्या रविवारी मी पहिल्या बाकावर नवी साडी नेसून बसले होते. टाळ्या वाजत होत्या. उठून कोण बोलणार?

त्या दिवसापासून बायका मासळी घेऊन बाजारात जाता जाता मला थांबवून जीभ दाखवू लागल्या. मी रिपोर्ट चाळून "डॉक्टरांना दाखवा" म्हटलं की हसायच्या. "तूच तं डाक्टर हायस." घरी तर विचारूच नका. मम्मी, म्हणजे लिली, जिने दहावी नापास झाल्याबद्दल माझ्या भावाला, केल्विनला, झाडूने बडवला होता, ती मला जेवायला वाढताना रावसाचा मधला तुकडा बाजूला काढून ठेवायची. "हा डाक्टरीनबाईंचा." केल्विन शेपटीकडचा तुकडा खायचा आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा. मला हे सगळं आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

माझं काम काय आहे ते घरात एकट्या पप्पांना कळलं होतं. पप्पा म्हणजे पीटर, आमच्या बोटीचे तांडेल, बोटीवर ज्यांचा शब्द चालतो ते. एकदा मासळीच्या कामासाठी मुंबईत आले असताना हट्टाने माझ्या लॅबमध्ये आले. बोराएवढं हृदय, देहापासून तोडलेलं, काचेच्या नळीखाली टकटक उडत होतं. वरून कोमट खारं पाणी येत होतं, त्यात साखर आणि प्राणवायू. पप्पा दहा मिनिटं बघत राहिले. मग विचारलं, "ह्याच्या पोटात साठा किती असतो?"

"साठा जवळजवळ नसतोच, पप्पा. थोडे ठोके पडतील एवढाच. शरीरातली बाकी सगळी मंडळी साठवून ठेवतात, हृदय मात्र कमावतं आणि खातं."

"मंग आपल्यासारखंच. रोज आनायचं, रोज खायचं."

मी त्यांना नळ बंद करून दाखवला. हृदय आधी थोडं दमलं, मग ठोके कमी पडत गेले आणि ते लटकून राहिलं. मी सांगितलं, की आता हे चरबी जाळू शकत नाही, कारण त्याला प्राणवायू लागतो. मग ते आतली थोडी साखर कशीबशी जाळतं, आंबट होत जातं आणि उरलीसुरली शक्ती जीव धरून ठेवायला वापरतं. तीस मिनिटांनी मी नळ उघडते. आणि खरा घोळ तिथे होतो. उपाशी पेशींत प्राणवायू एकदम घुसतो, आणि ज्या भट्ट्यांनी शक्ती बनवायची त्याच आतून पेटतात. कधी हृदय पुन्हा चालू होतं, कधी आवळून दगडासारखं घट्ट होतं.

"म्हंजे पानी परत आल्यावर मरतं?"

"कधीकधी. नळ उघडावा तर लागतोच. पण किती वेळ बंद होता, त्यावर सगळं."

पप्पांना त्या उंदराचं वाईट वाटलं. जाताना त्यांनी काचेला बोट लावलं आणि मला म्हणाले, "तुझा हात हलका हाय."

आता जानेवारीतला तो दिवस सांगते.

आमची बोट डोल लावते. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं लांब पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत जाते, आणि पाणी फिरण्याआधी थोडा वेळ स्थिर होतं तेवढ्यातच ते उचलायचं. ओढ असताना ते माणसांना उचलत नाही. आणि पाणी उलटं फिरलं की जाळं पिळवटतं, आतली मासळी परत समुद्रात जाते. म्हणून डोल पाण्यात असताना आमच्याकडे बोट परत फिरवत नाहीत. ताप असो, भांडण असो, थांबायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

त्या दिवशी सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी लॅबमध्ये घड्याळ लावून बसले होते. नळ बंद करून सव्वीस मिनिटं झाली होती, चार उरली होती. पप्पांचा आवाज वाऱ्यात तुटत होता.

"नेहल, छातीन जळतंय गं. जबडा बी ठणकतोय."

"दाढ काढ म्हणून कधीची सांगतेय तुला. काल काय खाल्लंस?"

"सुका बोंबील. लसनीची चटनी."

"मग झालं तर. पित्त आहे. सोडा पी."

"घाम पन लय येतोय. केल्विन म्हनतो परत फिरू. पन डोल पान्यात हाय."

"किती वेळ आहे उचलायला?"

"दोन तास तरी. पानी थांबल्याबिगर कशी उचलनार?"

माझी नजर घड्याळावर होती. "मग डोल उचलून ये, पप्पा. संध्याकाळी बोलते. आत्ता सोडता येत नाहीये मला."

"बरं, डाक्टरीन," ते म्हणाले.

एक मिनिट चाळीस सेकंद. त्या कॉलची नोंद अजून फोनमध्ये आहे. छाती, जबडा, घाम. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगी हे तीन शब्द ऐकून किंचाळली असती. मी नळ अगदी वेळेवर उघडला, सेकंदाचाही फरक नाही, आणि त्या उंदराचं हृदय त्या दिवशी छान सुरू झालं.

साडेबाराला डोल उचलली. बोट किनाऱ्याला लागायला दीड वाजला. रिक्षाने इस्पितळात पोचेपर्यंत सव्वादोन, आणि पप्पांची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली तेव्हा तीन वीस. पाच तास. मी पोचले तेव्हा तरुण डॉक्टर हसत बाहेर आले होते. वाहिनी उघडली, रक्त छान वाहतंय, म्हणाले. मम्मीने मला मिठी मारली. पप्पांच्या चुलतभावाने, त्यांच्यासोबत बोटीवर असलेल्या सॅमी अंकलने, खालून सगळ्यांसाठी चहा आणला. सगळे हसत होते. मी एकटी तीन वीसमधून दहा अकरा वजा करत उभी होते.

मग मम्मीने केल्विनला विचारलं, "इतका उशीर का केलास रे?"

केल्विन अजून ओल्या बनियनवर होता. हातात मासळीचे खवले चिकटलेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोल पान्यात होती. मीच म्हटलं, उचलून जाऊ."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात नर्सने आम्हाला आत बोलावलं. पप्पा शुद्धीत होते, ओठ सुकलेले. माझा हात धरून म्हणाले, "नळ उघडला गं माझा," आणि हसले. मला हसता आलं नाही. संध्याकाळी त्यांच्या ठोक्यांची लय बिघडली, रक्तदाब खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते गेले.

मम्मी एकच गोष्ट विचारत राहिली. नस उघडली, रक्त आलं, मग माणूस का गेला? दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला तिच्या भाषेत समजावलं. म्हटलं, खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर वाढलं तर तो त्या जेवणानेच मरू शकतो. पप्पांच्या काळजाचं तसं झालं. बरंचसं काळीज उपासाने आधीच मेलं होतं. उरलेलं जिवंत होतं पण सुन्न होतं, आणि रक्त परत आलं ते त्याला सोसलं नाही.

"म्हंजे उपास लांबला म्हनून?"

"हो, मम्मी."

"म्हंजे डोलीसाठी थांबले म्हनून."

मी मान हलवली. बस्स. नुसती मान. केल्विन दारात उभा होता, त्याने ऐकलं, आणि चपला घालून किनाऱ्यावर गेला. त्या दिवसापासून मम्मीने त्याला वाढलं नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. भात-कालवण झाकून ठेवायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. तो आपलं आपण घेऊन खायचा, नाहीतर सॅमी अंकलकडे. गावातही पसरलं, की पोराने मासळीसाठी बापाला रोखलं. माझा मधला तुकडा मात्र चालूच होता. मी शनिवार-रविवारी घरी आले की मम्मी माझ्यासमोर बसून मी खाताना बघायची आणि म्हणायची, "तू तिथं असतीस तं वाचवला असतास त्याला." आणि मी काटे काढून खात होते.

मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मी कुमसार केला, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली दिली. आपल्या चर्चमध्ये नाही, भित्रेपणाने दूरच्या एका चर्चमध्ये जाऊन, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. म्हातारे फादर जाळीपलीकडे सगळं ऐकत होते. म्हणाले, देव क्षमा करतो. मग म्हणाले, "पण भावाला सांगितलंस का?" मला त्यांचा इतका राग आला! मी देवाकडे आले होते, भावाचा काय संबंध? त्यांनी सांगितलेल्या प्रार्थना मी बाहेर येऊन रागारागाने पुटपुटल्या आणि रिक्षात बसून रडले.

सॅमी अंकल सहसा बोलत नाहीत. पण पावसाळ्यात मासेमारीला बंदी असताना, बोट वर ओढून ठेवलेली असताना, जाळं शिवता शिवता ते मला म्हणाले, "तुझा भाऊ खोटं बोलला गं. तो तं इंजिन चालू करून बसलेला. म्हनत होता, कापा दोर, डोल जाऊ दे मसनात. पीटरच थांबला. मी हाय ना साक्षीला."

"मग तुम्ही मम्मीला का नाही सांगितलं?"

"केल्विननं शपथ घातली. बापाचं नाव राखतोय पोर, अजून काय."

मीही तेच धरून चालले. बापाचं नाव राखतोय. मनाला बरं वाटेल असंच माणूस धरून चालतो.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही कबरीवर गेलो. सगळ्या गावाने कबरी धुऊन पुसून झेंडूने सजवल्या होत्या, फादर पाणी शिंपडत येत होते. पप्पांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायच्या होत्या. मम्मीने एक मला दिली, एक स्वतः घेतली. केल्विनने खिशातून स्वतःची काढली, पेटवली आणि वाकला. मम्मीने त्याच्या हातातून ती काढून घेतली, फुंकून विझवली आणि आपल्या पिशवीत ठेवली. शेजारच्या कबरींवरच्या लोकांनी बघितलं. केल्विन, पस्तीस वर्षांचा, दर्यावर कुणाच्या बापाचं न ऐकणारा, तसाच वाकलेला राहिला. मग उठून फाटकातून बाहेर पडला.

माझ्या हातात मेणबत्ती जळत होती. मेण बोटांवर आलं ते चटकलं. मी ती कबरीवर टेकवली आणि त्याच्यामागे धावले.

तो बोटींपाशी बसला होता. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि कावळे हाकलायला कुणी नव्हतं. मी उभ्या उभ्याच सगळं ओकले. दहा अकराचा फोन, जबडा, घाम, पित्त, चार मिनिटं. "मी सांगितलं त्याला, डोल उचलून ये. तू नाहीस, मी. मी मारलं, केल्विन."

तो कावळ्यांकडे बघत होता. "माहितीये मला," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याने ऐकलं नाही. "काय माहितीये?"

"फोन ठेवल्यावर पप्पा बोलले. नेहल म्हनते पित्त हाय, आता तू गप बस. डाक्टरापुढे मी काय बोलनार? इंजिन बंद केलं." त्याने वाळूतला शिंपला उचलला आणि टाकला. "मंग बोट किनाऱ्याला लागताना त्यांना कळलं, काय होतंय ते. माझा हात धरून बोलले, नेहलला काय बोलू नको. ती कामात होती."

"म्हणून तू…"

"मम्मी विचारत होती. कोनाचं तरी नाव सांगायलाच लागनार होतं. तुझं सांगितलं असतं तं ती मेली असती. पप्पा गेले, आनि वरून तिची डाक्टरीन पन गेली असती." तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. डोळे लाल होते. "माझ्यावर ती रागावलेली असतेच. तिला सवय हाय."

दहा महिने. दहा महिने हा माणूस झाकलेला थंड भात खात होता, आणि मी रावस. मला त्याला मारावंसं वाटलं आणि पाय धरावेसे वाटले. मी दोन्ही केलं नाही. "मी आता मम्मीला सांगते," म्हटलं.

"नको. वेडी हायस का? तिच्याकडे आता तूच हायस."

"नाही. तिच्याकडे तू पण आहेस."

तो मागून हाका मारत राहिला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढच्या नोव्हेंबरलाही मी मेणबत्ती घेऊन उभी राहिले असते, मला मी चांगली ओळखते.

मम्मी घरी परतून स्वयंपाकघरात होती. चुलीवर कालवण रटरटत होतं आणि ताटं फडताळात होती. मी दारातच उभी राहून सांगितलं. काहीही गाळलं नाही. आणि हेही सांगितलं, की मी डॉक्टर नाही, मम्मी, कधीच नव्हते. उंदरांचं बघते मी.

ती पळी हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "घाम येतोय म्हनाला होता?"

"हो."

"तरी तू म्हनालीस पित्त."

"हो."

"उंदराला किती वेळ ठेवतेस उपाशी?"

"अर्धा तास."

"आनि माझ्या मानसाला?"

तिने पळी भांड्यावर ठेवली, पदराने तोंड पुसलं. ती ओरडेल, मारेल, झाडू उचलेल, अशी मी वाट बघत होते, खरं सांगायचं तर आस लावून बघत होते. तिने काहीच केलं नाही. तिला माझ्याकडे बघता येत नव्हतं. केल्विन धापा टाकत माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. मम्मी त्याच्याकडे बघत राहिली, वर्षभर न बघितल्यासारखी. मग फडताळाकडे गेली.

"हातपाय धू," ती त्याला म्हणाली. "बस जेवायला."

तिने एक ताट मांडलं. भात वाढला, कालवण वाढलं, आणि भांड्याच्या तळातून मधला तुकडा शोधून त्याच्या भातावर ठेवला. मग त्याच्यासमोर खाली बसली. केल्विनने घास उचलला, तोंडात घातला आणि त्याला तो गिळता येईना. दहा महिन्यांनी आईने वाढलेलं, आणि एवढा मोठा माणूस ताटावर वाकून लहान पोरासारखा हुंदके देत होता, भात ओठांतून सांडत होता.

मम्मीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश," ती म्हणाली. "एकदम नको. हळूहळू खा."

मी दारात उभी होते. कालवणाचा वास येत होता आणि मला भूक लागली होती. माझं ताट फडताळात होतं. तिने ते काढलं नाही, आणि मी मागितलं नाही.